शंभरीतला प्रेक्षक

३ मे २०१३ रोजी ‘बॉम्बे टॉकीज’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला होता. शताब्दीला मानवंदना म्हणून करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर आणि अनुराग कश्यप या चार दिग्दर्शकांनी प्रत्येकी एक लघुपट केला आणि ते चार एकत्र बांधून हा चित्रपट सिद्ध झाला. त्याच महिन्यात कान महोत्सवात भारत पाहुणा देश होता, तिथेही तो दाखवला गेला. नाव घेतलं होतं हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला उभारलेल्या स्टुडिओचं. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘किस्मत’ (१९४३) तिथले.

शताब्दीचे चित्रपट बहुधा फुलांच्या गुच्छासारखे असतात. समारंभापुरते ताजे असतात, दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. म्हणून एका फिल्म सोसायटीत दाखवण्यापूर्वी टिपण लिहायचं म्हणून मी तो पुन्हा पाहिला, तेव्हा माझी अपेक्षा माफक होती. पण चारही कथा एकापाठोपाठ पाहताना एक गोष्ट लक्षात राहिली. शंभर वर्षांच्या सिनेमाचा गौरव करायला निघालेल्या या चार दिग्दर्शकांपैकी एकानेही सिनेमा घडवणाऱ्याला नायक केलेलं नाही. एकाही कथेचा नायक दिग्दर्शक, छायालेखक किंवा संगीतकार नाही. चारही कथा पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसाच्या आहेत. या लेखात मला तपासायचं आहे ते हेच, की हा माणूस सिनेमाकडून नेमकं काय नेतो आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातलं काय उरतं.

आधी या प्रकाराविषयी थोडं. अनेक स्वतंत्र कथा एका चित्रपटात गुंफण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हृषीकेश मुखर्जींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘मुसाफिर’ (१९५७) असाच होता. एकच भाड्याचं घर आणि त्यात एकामागोमाग राहून गेलेली तीन कुटुंबं. सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये रवींद्रनाथांच्या तीन कथांवरून ‘तीन कन्या’ केला. पण या चित्रपटांत दिग्दर्शक एकच होता. अनेक दिग्दर्शकांनी एकाच निमित्ताने लघुपट करायचे आणि ते एकत्र दाखवायचे, ही तऱ्हा युरोपात अधिक रुळलेली. कान महोत्सवाच्या साठीनिमित्त २००७ मध्ये जगभरच्या तीसहून अधिक दिग्दर्शकांकडून प्रत्येकी सुमारे तीन मिनिटांचे लघुपट करून घेतले गेले. विषय होता चित्रपटगृह. त्यातल्या बहुतेकांना अंधार, खुर्च्या, प्रक्षेपकाचा झोत यांची ओढ होती. ‘बॉम्बे टॉकीज’ला तसा जुन्या थिएटरांचा उमाळा आलेला नाही. त्यातला सिनेमा रेल्वेच्या पुलावर, चाळीच्या खोलीत, मध्यमवर्गीय घरात आणि अलाहाबादच्या गाडीत आहे. सिनेमा थिएटरातून बाहेर पडून माणसांच्या अंगाला लागल्यानंतरची ही गोष्ट आहे.

पहिली कथा करण जोहर यांची. तिचं शीर्षक ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) मधल्या लता मंगेशकरांच्या गाण्यावरून घेतलं आहे. समलिंगी असल्यावरून बापाशी भांडून घर सोडलेला अविनाश नव्या नोकरीत गायत्रीच्या हाताखाली येतो. तिचा नवरा देव टीव्हीवर वृत्तनिवेदक आहे. नवरा-बायकोत काहीतरी गोठलेलं आहे आणि का, ते दोघांनाही उच्चारता येत नाही. अविनाशला मात्र देवकडे पाहताच ते कळतं. देवला जुन्या हिंदी गाण्यांचं वेड आहे आणि रेल्वेच्या पादचारी पुलावर एक लहान मुलगी तीच गाणी गात बसते.

जोहर यांच्या मोठ्या चित्रपटांतली श्रीमंती इथे नाही आणि तिची उणीवही भासत नाही. जुनं गाणं इथे पार्श्वभूमीला वाजत नाही, ते एका माणसाचं लपण्याचं ठिकाण आहे. साठच्या दशकातल्या विरहगीतांत प्रेम कोणाचं कोणावर, हे अनेकदा उघड सांगितलेलं नसतं. ‘तू’ आणि ‘मी’ एवढंच असतं, कारण सांगितलेलं नसतं, दुःख मात्र पुरेपूर असतं. त्यामुळे ज्याला स्वतःचं दुःख नाव घेऊन सांगता येत नाही, तो त्या ‘तू’च्या जागी कोणालाही बसवू शकतो. देवसारख्या माणसाला ही गाणी इतकी जवळची का, याचं उत्तर यात आहे. हिंदी सिनेमाने समलिंगी माणसाला बराच काळ विनोदापुरतं वापरलं, पण त्याच सिनेमाच्या गाण्यांनी नकळत त्याला आसरा दिला.

या कथेचा काळही लक्षात घ्यायला हवा. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले खाजगी, संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या कक्षेबाहेर काढले होते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा, या वेळी कायमचा, असे संबंध गुन्हा नसल्याचा निर्वाळा दिला. ‘बॉम्बे टॉकीज’ आला तो मे २०१३ मध्ये, म्हणजे कायद्याने दार किलकिलं केलं होतं आणि सात महिन्यांनी ते पुन्हा लागणार होतं, अशा मधल्या काळात. कथेत देवचं खरं रूप उघड होतं तेव्हा गायत्रीचा राग येतोच, पण सोबत सुटकाही येते. इतकी वर्षं तिने दोष स्वतःत शोधलेला असतो. खोटं फक्त एकालाच जाचत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसालाही त्याची किंमत मोजावी लागते, हे जोहर यांनी थोडक्यात आणि कडकपणे दाखवलं आहे.

दुसरी कथा, दिबाकर बॅनर्जी यांची ‘स्टार’, मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल. तिचं मूळ सत्यजित राय यांच्या ‘पटोलबाबू फिल्मस्टार’ या बंगाली कथेत आहे. एकेकाळी हौशी रंगभूमीवर नाव कमावलेले आणि आता नोकरीधंद्याच्या विवंचनेत अडकलेले पटोलबाबू यांना अचानक चित्रपटात काम मिळतं. काम म्हणजे रस्त्यात नायकाचा धक्का लागायचा आणि ‘आः’ एवढंच म्हणायचं. आधी त्यांना अपमान वाटतो. मग आपल्या नाट्यगुरूंची शिकवण आठवून ते त्या एका उद्गाराचा इतका अभ्यास करतात, की काम मनासारखं झाल्यावर मानधनासाठी थांबण्याचीही त्यांना गरज वाटत नाही.

बॅनर्जी यांनी ही कथा कोलकात्याहून मुंबईच्या चाळीत आणली. नवाझुद्दीन सिद्दीकी यांनी केलेला पुरंदर हा अपयशी नट आहे. ईमूपालनाच्या फसलेल्या धंद्याची आठवण म्हणून तो पक्षी अजून त्याच्या घरात फिरतो. ईमूच्या नावाखाली पैसे बुडालेली माणसं महाराष्ट्रात गावोगावी भेटतील, त्यामुळे हा तपशील आपल्याला केवळ गमतीचा वाटत नाही. पुरंदरची मुलगी आजारी आहे आणि तिला रोज नवी गोष्ट लागते. बापाजवळच्या गोष्टी संपत आल्या आहेत.

पुरंदरला त्याचे दिवंगत गुरू दिसतात. ती भूमिका सदाशिव अमरापूरकरांची आहे. अहमदनगरच्या हौशी रंगभूमीवरून मुंबईत आलेल्या आणि ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीमुळे देशभर ओळखल्या गेलेल्या या नटाच्या अखेरच्या चित्रपटांपैकी हा एक. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांचं निधन झालं. ज्याने स्वतः रंगभूमीवरून सिनेमात येऊन खलनायकीत आयुष्य काढलं, त्याच नटाने इथे पडद्यावर येऊन रंगभूमीच्या शिस्तीचा जाब विचारावा, ही योजना मला फार नेमकी वाटते. मराठी नाटकाने हिंदी सिनेमाला शेकडो नट दिले आणि त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला हवालदार, नोकर, दुकानदार अशी दोन वाक्यांची कामं आली. त्या सगळ्यांच्या वतीने हा गुरू बोलतो, असं मानायला हरकत नाही.

बॅनर्जी यांनी शेवट बदलला. राय यांची कथा पटोलबाबूंच्या समाधानापाशी थांबते. पुरंदर मात्र घरी येतो आणि दिवसभर काय घडलं ते मुलीला हावभावांनी करून दाखवतो. पडद्यावर त्याचा भाग एका क्षणाचा, चाळीच्या खोलीत मात्र तो अखंड नाटक होतो. सिनेमात त्याचा चेहरा कोणाच्या लक्षातही राहणार नाही. लक्षात ठेवणारी एकच प्रेक्षक आहे आणि तिच्यासाठी बाप नट झाला आहे.

तिसऱ्या कथेत, झोया अख्तर यांच्या ‘शीला की जवानी’मध्ये, प्रेक्षकच बारा वर्षांचा आहे. विकीला नाचायचं आहे, तेही कतरिना कैफसारखं. बाप त्याला फुटबॉलच्या मैदानाकडे ढकलतो. बहिणीला शाळेच्या सहलीला जायचं आहे, पण तिच्यासाठी घरात पैसे नाहीत. मुलाच्या नको असलेल्या खेळाला पैसे आहेत आणि मुलीच्या हव्या असलेल्या सहलीला नाहीत, हा हिशेब झोया यांनी जराही आवाज न चढवता मांडला आहे. मग ही दोन भावंडं तिकीट लावून कार्यक्रम करतात. भाऊ नाचतो आणि बहिणीच्या सहलीची सोय होते. कतरिना त्या मुलाला परीच्या रूपात दिसते आणि सल्ला देते तो असा, की स्वप्न जपायचं असेल तर कधी कधी ते लपवावं लागतं.

या सल्ल्यावर आक्षेप घेता येईल. लहान मुलाला लपवायला शिकवणं बरं का? पण पहिल्या कथेतल्या देवला आठवलं, की झोया यांचा रोख कळतो. देव आयुष्यभर लपत राहिला आणि गोठला. विकीजवळ निदान बहीण आहे, म्हणजे त्याचं गुपित वाटून घ्यायला कोणीतरी आहे.

इथे मला शंभर वर्षं मागे जाऊन एक आठवण द्यावीशी वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला एकही स्त्री तयार झाली नाही. फाळक्यांनी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडं नेसवलं आणि भारतीय पडद्यावरची पहिली नायिका तयार झाली. पुढे ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता ही दोन्ही कामं त्याच साळुंक्यांनी केली. रंगभूमीवर तो बालगंधर्वांचा काळ होता. त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. म्हणजे १९१३ मध्ये पुरुषाने स्त्रीवेष घेणं ही प्रतिष्ठेची कला होती आणि २०१३ मध्ये बारा वर्षांच्या मुलाने बाईसारखं नाचणं ही बापापासून दडवण्याची गोष्ट झाली आहे. त्या काळात मोकळेपणा जास्त होता, असं मी म्हणणार नाही. पुरुषांना स्त्रीवेष करावा लागला तो बायकांना रंगमंच आणि पडदा बंद होते म्हणून. पण पुरुषपणाची आपली कल्पना दर पिढीत बदलते आणि ‘हे आपल्या परंपरेत नाही’ म्हणणाऱ्याला परंपरा नीट ठाऊक नसते, एवढं तरी यातून दिसतं. झोया यांनी हा इतिहास मनात धरला होता का, याने फरक पडत नाही. शताब्दीच्या चित्रपटात ही कथा असल्यामुळे तो आपोआप तिच्या मागे येऊन उभा राहतो.

चौथी कथा अनुराग कश्यप यांची ‘मुरब्बा’. उत्तरेतला मुरब्बा म्हणजे आपला कैरीच्या फोडींचा किंवा किसाचा मुरंबा नव्हे. तो अख्खं फळ पाकात मुरवलेला, म्हणजे मोरावळ्याच्या जवळचा. म्हणून तो अर्धा चावता येतो, अर्धा ठेवता येतो आणि सगळी कथा त्यावरच उभी आहे. अलाहाबादच्या विजयचा बाप आजारी आहे. त्याची इच्छा अशी, की मुलाने मुंबईला जाऊन घरचा मुरब्बा अमिताभ बच्चन यांना द्यावा, त्यांनी अर्धा खावा आणि उरलेला अर्धा आपल्यासाठी परत आणावा. तो खाल्ला की आपलं आयुष्य वाढेल, अशी बापाची श्रद्धा आहे. विजय बच्चन यांच्या बंगल्याबाहेर दिवस काढतो, रखवालदारांची बोलणी खातो आणि अखेर त्याची भेट होते. बच्चन स्वतः पडद्यावर येऊन तो अर्धा घास घेतात.

आपल्याकडे उष्टं हा शब्द दोन टोकांचा आहे. माणसाचं उष्टं टाकायचं आणि देवाचं उष्टं प्रसाद म्हणून कपाळाला लावायचं. विजयचा बाप बच्चन यांना कोणत्या रांगेत बसवतो, ते सांगायला कश्यप यांना एकही संवाद लागत नाही. पण भक्तीची थट्टाही ते करत नाहीत. परतीच्या गाडीत बरणी फुटते आणि तो मोलाचा अर्धा मुरब्बा पायाखाली जातो. विजय दुसरा घेऊन घरी पोहोचतो, पण बापाला फसवणं त्याला जमत नाही. प्रसाद हरवला. आणलेली खरी वस्तू एकच, ती म्हणजे मुंबईत काय काय घडलं याची हकीकत.

हिंदी सिनेमाने याआधीही चाहत्यांवर चित्रपट केले आहेत. हृषीकेश मुखर्जींच्या ‘गुड्डी’त (१९७१) जया भादुरीने केलेली शाळकरी मुलगी धर्मेंद्रवर भाळते. मग मोठी माणसं खुद्द धर्मेंद्रच्याच मदतीने तिला स्टुडिओतला खोटा पाऊस आणि खोटी मारामारी दाखवून ताळ्यावर आणतात. ‘गुड्डी’च्या लेखी सिनेमाचं वेड हा वयात येतानाचा ताप होता, उतरला की बरं. ‘बॉम्बे टॉकीज’मध्ये कोणी कोणाला ताळ्यावर आणत नाही. देवची गाणी, पुरंदरचं क्षणाचं काम, विकीचा नाच, विजयच्या बापाचा नवस, यांतलं काहीच आजार म्हणून दाखवलेलं नाही. चाळीस वर्षांत प्रेक्षकाकडे पाहण्याची नजर इतकी बदलली.

चारही कथा शेजारी ठेवल्या तर एक रचना दिसते. प्रत्येक कथेत कोणीतरी सिनेमाजवळ काही मागायला जातो आणि मागितलेलं अख्खं हाती लागत नाही. देवला गाणं मिळतं, ज्याच्यासाठी ते गावं तो माणूस मिळत नाही. पुरंदरला भूमिका मिळते, ती क्षणाची. विकीला टाळ्या मिळतात, पण बापाच्या नाहीत. विजयला दर्शन घडतं, प्रसाद मात्र फुटतो. तरीही चौघांपैकी कोणी रिकाम्या हाताने परतत नाही, कारण जे हाती लागलं त्यात स्वतःची भर घालून त्यांनी ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवलेलं असतं किंवा निदान स्वतःशी कबूल केलेलं असतं. सिनेमा पूर्ण होतो तो इथे.

चित्रपटाच्या शेवटी येणारं गाणं मात्र हे सगळं विसरतं. शाहरुख खान, आमिर खान, माधुरी दीक्षित, श्रीदेवी आणि इतर कितीतरी तारे एकामागून एक पडद्यावर येतात आणि आरास सुरू होते. सुमारे दोन तास प्रेक्षकाला मध्यभागी बसवल्यानंतर त्याला उठवून खुर्ची पुन्हा ताऱ्यांना द्यावी, तसं काहीसं. दुसरी खटकणारी गोष्ट अशी, की शताब्दी भारतीय सिनेमाची होती आणि आरास फक्त हिंदीची आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट होता, म्हणजे बोलीच्या हिशेबाने तो कोणत्याच एका भाषेचा नव्हता. त्या वारशावर सर्व भाषांचा हक्क आहे. प्रभात, न्यू थिएटर्स आणि मद्रासचे स्टुडिओ यांची साधी आठवणही त्या गाण्यात नाही. चार लघुपटांनी मिळवलेला विश्वास हे एक गाणं काही अंशी घालवतं, असं माझं मत आहे.

तरीही प्रेक्षकाला केंद्रस्थानी ठेवण्याची या चित्रपटाची मूळ दिशा इतिहासाला धरून आहे. फाळके हे चित्रपटकार होण्याआधी प्रेक्षकच होते. गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येत होते, असं त्यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहून ठेवलं आहे. तो खेळ दाखवायला त्यांनी सरस्वतीबाईंना पुन्हा सोबत नेलं. पुढे त्याच सरस्वतीबाईंनी घर सांभाळून कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंतची कामं उचलली. एकाने पाहिलं, घरच्या माणसाला दाखवलं आणि मग दोघांनी मिळून आपलं काही केलं. आपल्या सिनेमाचा पाया असा घातला गेला आहे.

ज्या चित्रपटाची शंभरी साजरी झाली, तो तरी कुठे अख्खा उरला आहे? ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता. आज उपलब्ध आहे तो त्यातला काही भाग आणि तोही १९१३चा की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. उरलेला चित्रपट आपल्याला माहीत आहे तो त्या वेळच्या जाहिरातींवरून, टिपणांवरून आणि ज्यांनी पाहिला त्यांनी पुढच्यांना सांगितलं त्यावरून. अर्धा मुरब्बा केव्हाच हरवला, पण हकीकत शंभर वर्षं टिकली. ती टिकवणाऱ्या अनाम प्रेक्षकांची नावं कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत आणि ‘बॉम्बे टॉकीज’चे चार लघुपट त्यांच्यासाठी आहेत, असं समजून मी तो चित्रपट माझ्या सोसायटीच्या सभासदांना दाखवला.